९ आण्यांचं पुस्तक, ९३ वर्षांचा अज्ञातवास

कुठल्यातरी गावात काहीतरी घडतं. एका मुलीचं नाव बातमीत येतं. दुपारपर्यंत तुमच्या मोबाइलवरच्या चार ग्रुपमध्ये तोच मजकूर फिरायला लागतो. त्या मुलीनं काय केलं यावर दोन ओळी, आणि हल्लीच्या मुली कशा बिघडल्या, शिक्षणानं त्यांची डोकी कशी फिरली, यावर वीस ओळी. या सगळ्यात तिच्यासोबत जो कोणी होता त्याचं नाव शोधूनही सापडत नाही. तुम्ही वाचता, थोडं चिडता आणि पुढच्या मेसेजवर जाता.

१८८१ मध्येही असाच मजकूर फिरला होता. मोबाइल नव्हते, पण छापखाने होते, वर्तमानपत्रं होती आणि बायकांची चालचलणूक सुधारण्याची हौस असलेले संपादक तर भरपूर होते. बुलढाण्यातल्या एका बाईनं तो मजकूर वाचला. ती नुसती चिडून थांबली नाही. तिनं दौत-टाक घेतला आणि उत्तर लिहिलं. उत्तर एवढं लांबलं, की त्याचं पुस्तक झालं. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे त्या पुस्तकाचं नाव, आणि ताराबाई शिंदे हे तिचं.

आज हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल. कदाचित परीक्षेच्या नोट्समध्ये एका ओळीत, पहिल्या स्त्रीवादी लेखिका म्हणून. पण मधली जवळपास शंभर वर्षं हे नाव मराठी वाचकांच्या खिजगणतीतही नव्हतं. ते हरवलं कसं आणि परत आलं कसं, ही गोष्ट ताराबाईंच्या आयुष्याइतकीच जाणून घ्यावी अशी आहे.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला

भंडाऱ्याहून निघालात तर नागपूर, अमरावती, अकोला मागे टाकत जावं लागतं. विदर्भ संपत आला, की बुलढाणा येतं. घाटावरचं, हवेशीर गाव. शहरात आजही रेल्वे नाही; मलकापूरला उतरायचं आणि घाट चढायचा.

ताराबाईंचा जन्म १८५०च्या सुमाराचा. तेव्हा आपला भंडारा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि वऱ्हाड निजामाकडे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी आपल्याकडे घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीला तिसरे रघूजी भोसले वारले आणि गादीला वारस नाही, असं म्हणत इंग्रजांनी नागपूरचं राज्यही खालसा केलं. म्हणजे ताराबाई चालायला-बोलायला शिकल्या त्या काळात अख्ख्या विदर्भाचा मालक बदलला. नव्या मालकाबरोबर कचेऱ्या आल्या, पोस्ट आलं, पुढे आगगाडी आली आणि छापील कागद गावोगाव पोचायला लागला.

वडील बापूजी हरी शिंदे याच नव्या व्यवस्थेतले. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. घराणं मराठा, मानाचं, पडदा पाळणारं. पण बापूजींचं मन वेगळं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्या विचाराच्या माणसांपैकी ते एक. बुलढाण्यात मुलींची शाळा नव्हती. चार मुलगे होते, मुलगी एकच. तिला त्यांनी घरीच शिकवलं. मराठी तर शिकवलंच, शिवाय संस्कृत आणि इंग्रजीही.

याचं मोल कळायला एक आकडा पुरे. १८८१च्या जनगणनेत देशभरात शंभर बायकांमागे एकही साक्षर भरत नव्हती. त्या काळात वऱ्हाडातल्या एका घरात एक मुलगी तीन भाषांतली पुस्तकं वाचत होती.

लग्न मात्र इतरांसारखं लहानपणीच झालं. फरक एवढाच, की नवरा घरजावई म्हणून त्यांच्याच घरी राहायला आला. सासुरवास टळला, वडिलांची पुस्तकं आणि वर्तमानपत्रं हाताशी राहिली. पण म्हणून दार उघडं होतं असं समजू नका. आपण घराच्या चार भिंतींत अडकलेली बाई आहोत, हे त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या सुरुवातीला सांगून टाकलं आहे. जग त्यांच्यापर्यंत येत होतं ते छापील कागदावरून. आणि त्या कागदावर बायकांबद्दल काय छापून येतंय, ते त्या डोळ्यांत तेल घालून वाचत होत्या.

सुरतेचा खटला

१८८१ मध्ये सुरतेच्या कोर्टात एक खटला चालला. आरोपी विजयालक्ष्मी, तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले होते. मूल झालं, आणि बदनामीच्या भीतीनं तिनं ते मारलं. कोर्टानं तिला फाशी सुनावली. अपिलात फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली, नंतर तीही कमी झाली.

आता थोडं मागे जाऊ. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ मध्येच कायद्यानं परवानगी मिळाली होती. पण कायदा कागदावर होता आणि समाज जिथल्या तिथे. दहा-बारा वर्षांची मुलगी विधवा झाली, की तिचं आयुष्य संपलं. घरातल्याच किंवा शेजारच्या एखाद्या पुरुषानं तिला फसवलं, की पुढचे मार्ग दोनच: विहीर जवळ करायची, नाहीतर पोर मारायचं. हे थांबावं म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेनं यावं, बाळंत व्हावं, कोणी काही विचारणार नाही, अशी सोय. त्या दोघांनी ज्या यशवंतला दत्तक घेतलं, तो अशाच एका विधवेचा मुलगा.

सुरतेच्या खटल्यानं वर्तमानपत्रांना विषय मिळाला. ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्रानं विजयालक्ष्मीच्या निमित्तानं सगळ्या स्त्रीजातीलाच धारेवर धरलं. बायका कशा बेताल झाल्या, नव्या वाऱ्यानं त्यांची नीती कशी ढळली, वगैरे. मूल एकटीचं नसतं, ही साधी गोष्ट त्या मजकुरात कुठे नव्हती.

ताराबाईंचं पित्त खवळलं ते इथे. लक्षात घ्या, विजयालक्ष्मी त्यांच्या नात्यातली नव्हती, गावची नव्हती, जातीचीही नव्हती. बुलढाण्याची मराठा बाई सुरतेच्या ब्राह्मण विधवेसाठी उभी राहिली, कारण हा प्रश्न एका जातीचा नाही हे तिला दिसत होतं. उच्चकुलीन मराठ्यांतही विधवेची गत याहून बरी नव्हती, आणि तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

एकेक आरोप, एकेक उत्तर

पुस्तकाची रचना वकिली आहे. बाई म्हणजे कपटाची खाण, संशयाचा भोवरा, साहसाचं गाव अशा थाटाची दूषणांची यादी जुन्या संस्कृत सुभाषितांत आहे. ताराबाईंनी ही यादीच समोर ठेवली. एकेक दूषण उचललं आणि विचारलं, हे फक्त बाईतच असतं का? मग पुरुषांच्या वागण्यातले दाखले काढले. कचेरीतली लाच, खोट्या साक्षी, फसवणूक, व्यसनं, घरच्या बाईला टाकून बाहेर भटकणं. प्रत्येक आरोपाचं माप दोघांना सारखंच लावायचं, म्हणून तर नाव ‘तुलना’.

त्या विचारतात ते प्रश्न आजही टोचतात. बायको मेली, की दहाव्या दिवशी नवी बघायला मोकळा असणारा पुरुष विधवेला कुठल्या तोंडानं धर्म शिकवतो? नवऱ्यासाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री सगळ्यांना पाठ आहे. बायकोसाठी त्या वाटेनं निघालेला एखादा नवरा कुणी ऐकलाय का? पुरुषांनी पगडी सोडली, बूट-पाटलोण चढवली, खाणंपिणं बदललं, तेव्हा धर्म बुडाला नाही. मग तो फक्त बाईच्या वागण्यावरच कसा टांगलेला? ज्या बायकांना समाज वेश्या म्हणून हिणवतो, त्यांना त्या वाटेला लावलं कोणी? सभा भरवून स्त्रीसुधारणेवर भाषणं ठोकणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडत नाहीत. बोलणं उदंड, करणं शून्य, असा त्यांचा हिशोब आहे.

आणखी एक गंमत. ताराबाई पुस्तकांचीही झडती घेतात. त्या काळी मराठीत कादंबरी नुकती बाळसं धरत होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, महादेव बाळकृष्ण चितळे यांचं ‘मनोरमा’ नाटक १८७१चं. लोक ही पुस्तकं आवडीनं वाचत. यांत बाई कशी रंगवली आहे, कुठल्या बाईला चांगलं म्हटलंय आणि कुठल्या बाईच्या माथी पाप मारलंय, हे ताराबाई तपासतात. आज सिनेमातल्या नायिकेबद्दल तुम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर जी चर्चा करता, ती त्यांनी १८८२ मध्ये छापून ठेवली आहे. मराठीत समीक्षा म्हणजे काय याचे नियमही तेव्हा ठरायचे होते.

आणि भाषा? ती वाचाच. पुस्तकी सफाई नाही. चुलीपाशी, ओट्यावर, पाणवठ्यावर बायका जशा बोलतात, तसं लेखन. म्हणी आहेत, टोमणे आहेत, वाक्यं दमछाक होईपर्यंत पळतात आणि वाचणाऱ्या पुरुषाला तोंडावर सवाल करतात. त्याच सुमारास पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चा दबदबा होता. १८७४ ते १८८१ चाललेल्या या मासिकानं मराठी गद्याला डौल दिला, यात शंका नाही. पण त्याच ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या भाषेची, व्याकरणाची टर उडवली गेली होती. कोणाची मराठी शुद्ध आणि कोणाची नाही, हे ठरवणारे ठरवत होते. अशा वेळी बुलढाण्याच्या घरातली बोली जशीच्या तशी छापखान्यात पाठवायला छाती लागते. घरी झाडीबोली बोलणाऱ्या आणि कॉलेजात आल्यावर ती गिळून टाकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शिव्या, आणि एक पाठराखण

‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत ९ आणे. लेखिकेनं टोपणनाव घेतलं नाही. स्वतःचं पूर्ण नाव लावलं.

ते वर्ष मोठं धामधुमीचं होतं. पंडिता रमाबाई त्याच वर्षी पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तकही तेव्हाच निघालं. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी बहुजनांच्या शाळांचा प्रश्न मांडला, रमाबाईंनी स्त्रीशिक्षणाचा. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्षच झालं होतं. सगळं पुणं छापत होतं, वाचत होतं, भांडत होतं. या गलक्यात विदर्भातल्या एका बाईचं पुस्तक आलं आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. टिंगल झाली. सनातन्यांनी करावी हे समजू शकतं, पण ज्यांना आपलं म्हणावं त्यांच्यातल्याही काहींना हे पचलं नाही.

पाठराखण केली ती जोतीरावांनी. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं. त्याचे दोनच अंक निघाले, जूनमध्ये पहिला आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा. दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेनं केला, पुस्तकाची बाजू घेतली आणि ते वाचावं असं आपल्या सहकाऱ्यांना सांगितलं. दोन अंकांचं ते चिमुकलं नियतकालिक नसतं, तर पुढची गोष्ट कदाचित घडलीच नसती.

त्यानंतर ताराबाई गप्प झाल्या. त्यांचं दुसरं पुस्तक नाही. १९१०च्या सुमारास त्या वारल्या. वर्तमानपत्राच्या एका लेखानं उठवलेली लेखणी एकदाच चालली आणि ठेवून दिली गेली. पाचशे प्रती कुठे कपाटात, कुठे माळ्यावर, कुठे रद्दीत गेल्या. दुसरी आवृत्ती निघाली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याचा विषय निघाला, की चिपळूणकर यायचे, आगरकर यायचे. ताराबाई यायच्या नाहीत.

पुस्तक विसरलं जातं तेव्हा आपण समजतो, की त्यात दम नसेल. असं नेहमीच नसतं. पुस्तक जिवंत राहायला ते कुणीतरी पुन्हा छापावं लागतं, वर्गात शिकवावं लागतं, भांडणात पुरावा म्हणून काढावं लागतं. ज्यांच्या हाती छापखाने आणि पाठ्यपुस्तकं होती, त्यांना या पुस्तकाची गरज नव्हती. ज्यांना गरज होती, त्यांना अजून वाचता येत नव्हतं.

मालशे सरांचा शोध

१९६९ मध्ये महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय प्रसिद्ध झालं. धनंजय कीर आणि स. गं. मालशे हे त्याचे संपादक. त्या ग्रंथात ‘सत्सार’ही आलं, आणि त्यातला ताराबाईंचा उल्लेखही. हेच मालशे पुढे ‘स्त्रीपुरुष तुलना’च्या मागे लागले. प्रत मिळवली, लेखिकेची माहिती गोळा केली आणि १९७५ मध्ये, जग आंतरराष्ट्रीय महिला वर्ष साजरं करत असताना, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं. १८८२ ते १९७५. मोजा, ९३ वर्षं झाली.

मग मात्र दार धडाधड उघडलं. विलास खोले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन या इतिहास संशोधक बाईंचा इंग्रजी अनुवाद आला आणि बुलढाण्याच्या ताराबाई जगभरच्या विद्यापीठांत शिकवल्या जाऊ लागल्या. आज भारतातल्या स्त्रीवादी लेखनाची सुरुवात सांगताना हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही.

या सगळ्यात त्यांच्या आयुष्याचा तपशील थोडका उरला, पुस्तक मात्र पूर्ण उरलं. बाईचं आयुष्य नोंदवून ठेवावं असं तेव्हा फारशा कुणाला वाटत नसे. त्यांनी स्वतः जे छापून ठेवलं, तेवढं वाचलं.

आता तुमची पाळी

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखनी, मोहाडी किंवा लाखांदूर, तुम्ही कुठेही शिकत असा, हे पुस्तक हाताबाहेरचं नाही. कॉलेजच्या ग्रंथपालांना नाव सांगा. नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. मागणी आली, की पुस्तकं येतात. फुल्यांचं समग्र वाङ्मय तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. त्यात ‘सत्सार’ काढा, दोन्ही अंक एका बैठकीत संपतील.

एकदा गोडी लागली, की शेजारची दारंही ठोठवा. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ घ्या. १८५७ची ही कादंबरी हिंदू विधवांच्या हालअपेष्टांवरच बेतली आहे. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ मध्ये छापलेला मुक्ता साळवेचा निबंध शोधा. ही फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. जेमतेम चौदा वर्षांची असताना तिनं महार-मांगांच्या दुःखाबद्दल असं लिहिलं, की वाचताना मान खाली जाते. ‘निबंधमाला’ही वाचा. तिचा डौल बघा आणि तिनं कोणाला हसण्यावारी नेलं तेही बघा. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचल्या, की एकोणिसावं शतक पाठ्यपुस्तकातल्या फोटोंच्या रांगेसारखं दिसत नाही. ते तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यासारखं, तावातावानं बोलणाऱ्या माणसांनी भरलेलं दिसतं.

‘स्त्रीपुरुष तुलना’ वाचताना मुलांना काही ठिकाणी राग येईल. येऊ द्या. एवढं सरसकट कसं म्हणता, असं विचारावंसं वाटेल. मग शेजारी ‘पुणेवैभव’च्या मजकुरासारखा आजचा एखादा मजकूर ठेवा आणि सरसकट बोलण्याची सुरुवात कोणी केली ते पाहा. मुलींनाही सगळंच पटेल असं नाही. पतिव्रतेच्या कल्पनेतून ताराबाई पूर्ण सुटलेल्या नाहीत. त्यांच्या काळाच्या मर्यादा त्यांना होत्या, तुमच्या काळाच्या तुम्हाला आहेत. त्यांच्याशीही भांडा, ताराबाईंना ते नक्की आवडलं असतं.

एक सूचना. पहिली चार-पाच पानं मोठ्यानं वाचा, जमलं तर आईला किंवा आजीला ऐकवत. जुनी वळणं डोळ्यांना अडतात, कानाला अडत नाहीत. आणि वाचताना जे मनात येईल ते तिथल्या तिथे समासात पेन्सिलनं लिहून ठेवा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर मात्र वहीत लिहा.